पगार पुण्याचा, पत्ता दा नांगचा

नोकरी एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, ही गोष्ट आम्हा खानदेशी मंडळींना नवी नाही. घरचा कर्ता मुलगा मुंबईच्या चाळीत गाळा धरून राहायचा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर यायची, आणि दिवाळीला तो स्वतः यायचा. मनुष्य नोकरीच्या मागे जात असे. आता सगळे उफराटे झाले आहे. कचेरी जागच्या जागी राहते, किंबहुना पुष्कळदा तिला धड जागाही नसते, आणि नोकर माणूस आपले गाव आपण निवडतो. माझ्या भाचीने निवडलेले गाव व्हिएतनामच्या समुद्रकाठी आहे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, पहूरला आहे. आणि दोघींचे फोन माझ्याकडे येतात!

पहूर म्हणजे जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना निम्म्याहून पुढे लागणारे जामनेर तालुक्यातले गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर पुढे आमच्या गावाला येते. पाचोरा–जामनेर ही छोटी गाडी इथे थांबायची. २०२० च्या टाळेबंदीत ती जी बंद पडली ती पडलीच. त्याच मार्च महिन्यात भाची पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली, आणि माडीवर तिची कचेरी सुरू झाली. पुण्याच्या एका कंपनीत ती हिशेबाच्या संगणक-प्रणालीचे काम करते. खाली ताई भाकऱ्या थापते आहे आणि वर भाची इंग्रजीत सिंगापूरच्या गिऱ्हाईकाला समजावते आहे, असा देखावा दोन वर्षे चालला. वीज जायची, मोबाइलला रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात, आणि मे महिन्यात माडीचे पत्रे असे तापायचे की पापड भाजून निघावा. पण काम झाले. कंपनीनेही आपल्या इमारतीतला एक मजला सोडून दिला आणि सांगितले, कुठेही बसा, काम वेळेवर द्या.

गंमत अशी, की हा प्रकार आमच्या भागात पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल नावाच्या कॅप्टनला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. मालक लंडनला, नोकर अजिंठ्याच्या बारादरीत. चित्रे गुंडाळून बोटीने विलायतेला जायची. गडी इथेच रमला. त्याची सहचरी पारो १८५६ मध्ये वारली, तिची कबर त्याने अजिंठा गावात बांधली, ती आजही आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेली त्याची बहुतेक चित्रे १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत जळाली. त्या वेळी तो इकडे होता. त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला, आणि १८७९ मध्ये वारला तेव्हा त्याचे दफन भुसावळला झाले. मालकापासून दूर राहून काम करण्यात सुख किती आणि धोका किती, याचा याहून जवळचा दाखला मला तरी ठाऊक नाही. भाचीला मी तो सांगितला, तर ती म्हणाली, "मामा, माझ्या कामाची एक प्रत ढगात असते!" ढगात म्हणजे कुठल्यातरी परक्या संगणकात, हे नंतर कळले.

तर, भाचीने पहिल्यांदा गोवा पाहिला. एक हंगाम ती आसगावच्या बाजूला राहिली. परंतु टाळेबंदीनंतर दिल्ली-मुंबईची सगळी लॅपटॉपवाली मंडळी तिकडे लोटल्यामुळे भाडी इतकी चढली होती, की तिथल्या तरुण जोडप्यांनाच आपल्या गावात घर मिळेना. तेवढ्यात व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या लोकांना नव्वद दिवसांचा व्हिसा संगणकावर द्यायला सुरुवात केली. फी एका प्रवेशाला पंचवीस डॉलर, अनेक प्रवेशांना पन्नास. २०२४ च्या जानेवारीत भाची दोन मैत्रिणींबरोबर दा नांगला उतरली.

दा नांग हे व्हिएतनामच्या बरोबर कमरेवर वसलेले बंदर. फ्रेंच त्याला तूरान म्हणत. ८ मार्च १९६५ रोजी अमेरिकेचे नौसैनिक इथल्याच किनाऱ्यावर उतरले आणि त्या भयंकर युद्धात अमेरिकेचे पायदळ ओढले गेले. (शिवाजी महाराजांच्या चरित्रातून स्फूर्ती घेऊन आम्ही अमेरिकेला हरवले, असे व्हिएतनामच्या एका अध्यक्षांनी सांगितल्याची गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने फिरते. तिला कागदोपत्री आधार नाही. महाराजांच्या मोठेपणाला त्या आधाराची गरजही नाही.) आज त्याच शहरात हान नदीवर ड्रॅगनच्या आकाराचा पूल आहे. २०१३ मध्ये तो खुला झाला, लांबी ६६६ मीटर, आणि शनिवार-रविवारी रात्री नऊ वाजता त्याच्या तोंडातून आधी आग आणि मग पाणी निघते. उत्तरेला सोन त्राचा डोंगर, त्यावर करुणेच्या देवीची सदुसष्ट मीटर उंच पांढरी मूर्ती. पूर्वेला मी खे नावाची लांबलचक वाळू.

या वाळूवर पहाटे पाच वाजता सगळे गाव समुद्रस्नानाला येते. आजोबा, आजी, भाजीवाल्या बाया, शाळेतली पोरे. ऊन चढले की किनारा ओस. काळे होण्याची त्यांना आपल्यापेक्षा जास्त भीती! तिथले घड्याळ आपल्यापुढे दीड तास. पुण्याची कचेरी साडेनऊला भरते तेव्हा तिथे अकरा झालेले असतात. म्हणजे समुद्र, बाजार, स्वयंपाक, धुणे, एवढे सगळे उरकून भाची कामाला बसते. संध्याकाळी मात्र सुटायला आठ वाजतात. रात्री नदीकाठाने एकटी घरी येते, आणि आजवर कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही, असे ती सांगते. ताईला या एका वाक्याने जो धीर आला, तो पगाराच्या आकड्याने आला नव्हता.

आता वाचक विचारतील, खर्च किती? एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग. पहिल्याच दिवशी भाचीने यंत्रातून दहा लाख काढले आणि आईला फोन केला, "आई, मी लखपती झाले!" ते रुपयांत साडेतीन हजारही भरत नव्हते. एका खोलीचे, स्वयंपाकाच्या ओट्यासह सामानसुमान असलेले घर वीस-पंचवीस हजार रुपयांत मिळते. समुद्राला जितके जवळ तितके भाडे वर. घट्ट दुधाची कॉफी सत्तर ते शंभर रुपये, आणि त्या एका पेल्यावर तासन्‌ तास बसले तरी दुकानदार हाकलत नाही, उलट फुकटचा चहा आणून ठेवतो. वाणसामान, वाहन, विमा, व्हिसा धरून भाचीचा महिना पन्नास हजारांच्या आसपास जातो. विमानाचे भाडे वेगळे.

स्पष्ट सांगायचे तर हे काही स्वस्त नव्हे. पुण्याच्या बाणेरला याहून फार जास्त लागत नाही. पहूरला एवढ्यात घर चालून लेकीच्या लग्नासाठी शिल्लक पडेल. 'स्वस्त स्वर्ग' असा जो डंका पिटला जातो तो डॉलरवाल्यांचा. ज्याचा पगार रुपयांत त्याने हा शब्द जपून वापरावा. आणि दा नांगच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला हेच शहर दिवसेंदिवस महाग होत चालले आहे, हेही भाचीच्या घरमालकिणीने तिला हसत हसत ऐकवले.

खाण्याचे हाल होतात का? माळकरी माणसाने आधीच चौकशी करावी. तिथे प्रत्येक पदार्थात मासळीच्या अर्काचा हात असतो, भाजीतसुद्धा. पण बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात, आणि शाकाहारी खाणावळीवर 'चाय' अशी पाटी असते. भाची पहिल्यांदा तिथे चहा प्यायला शिरली आणि टोफूची आमटी जेवून आली. वांगी मुबलक मिळतात. गॅसवर भाजून तिने भरीत केले; काड्यांवर भाजल्याची चव कुठून येणार, असा शेरा ताईने फोनवरूनच मारला.

कायद्याची बाजू लोक सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो. असे दूर बसून काम करणाऱ्यांसाठी व्हिएतनामने २०२५ पर्यंत तरी वेगळा व्हिसा काढलेला नव्हता. सगळे पर्यटक म्हणून येतात, नव्वद दिवस संपले की लाओसची सीमा ओलांडून नव्या व्हिसावर परततात. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरीचा हक्क मिळत नाही. परदेशी मालकाचे काम आपल्या खोलीत बसून करणाऱ्याकडे सरकार काणाडोळा करते, एवढेच. काणाडोळा हा काही परवाना नव्हे. थायलंडने २०२४ मध्ये अशा लोकांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला आहे, एका खेपेला १८० दिवस राहता येते, पण बँकेत पाच लाख बाथ दाखवावे लागतात. बालीचा परवाना वर्षाला साठ हजार डॉलर मिळवणाऱ्याला. म्हणजे आपण त्या वाटेला जायला नको.

शिवाय वर्षात १८३ दिवस राहिलात की व्हिएतनाम तुम्हाला आपला करदाता समजतो. भाचीने म्हणूनच कंपनीची लेखी परवानगी घेतली, चार्टर्ड अकौंटंटला विचारले, आणि दिवसांची वहीच ठेवली आहे. आपला घरगुती मेडिक्लेम बहुधा देशाबाहेर चालत नाही, वेगळा विमा घ्यावा लागतो. मोटारसायकलीचे तर विचारूच नका. तिथे सगळे शहर दुचाकीवर चालते, पण आपल्या आर. टी. ओ. मधून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा, आणि व्हिएतनाम मानतो १९६८ चा. अपघात झाला तर परवाना नाही म्हणून विमाही हात वर करतो. भाची सायकल वापरते.

२०२५ च्या फेब्रुवारीत ताई तीन आठवडे जाऊन आली. वय सत्तर, पहिलाच पासपोर्ट. कळण्याचे पीठ, शेव आणि काळा मसाला बरोबर. पहाटे किनाऱ्यावर नऊवारी लुगड्यात उभी राहिली, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी तिला हाताला धरून पाण्यात नेले. भाषा कोणाचीच कोणाला कळत नव्हती. नंतर भाचीने तिला मी सन दाखवले. दा नांगपासून साधारण सत्तर किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत चंपा राजांची विटांची देवळे आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली. आपल्या अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी त्यानंतरच्या शतकातली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत यातले सर्वांत देखणे देऊळ कोसळले. २०१७ पासून आपल्या पुरातत्त्व खात्याने इथल्या काही देवळांची डागडुजी केली, आणि २०२० मध्ये ते काम चालू असताना वालुकाश्माचे अखंड शिवलिंग मातीतून वर आले. ताई थबकली. "इथं पूजा कोण करतं?" तिने विचारले. कोणीच नाही, असे कळल्यावर तिने बाटलीतले पाणी चार थेंब जमिनीवर सोडले. पहारेकऱ्याने पाहिले आणि काही बोलला नाही.

परतल्यावर मी विचारले, "कसं वाटलं?"

"गाव छान आहे. पण तीन आठवड्यांत मी पोरीशी बोलले, आणि तुझ्याशी फोनवर. बाकी कोणाशी बोलू?"

मला वाटते, सगळे तिथेच अडते. भाचीलाही आता ते जाणवू लागले आहे. ज्यांच्याशी ओळख होते ती मंडळी नव्वद दिवसांत निघून जातात. पोलंडची, कोरियाची, बंगळूरची. एकीशी जरा जीव जडला की तिचा निरोपसमारंभ! इकडे ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वर्षभर पुढे ढकलली जाते आहे, कारण डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे घरात कोणीतरी हवे. मी जळगावला. माझे वय तिच्याहून दोनच वर्षांनी कमी.

त्यात दा नांगचा पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर, ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळे आणि पूर. म्हणून भाची दरवर्षी त्या सुमाराला पहूरला येते. कपाशीची वेचणी असते, ताईला मजुरांवर लक्ष ठेवायला माणूस हवे असते, आणि माडीवर आता गावात आलेली फायबरची तार ओढून घेतली आहे. छतावर सौर पत्रेही बसवले. यंदा कंपनीचे पत्र आले आहे, की जानेवारीपासून आठवड्यातून तीन दिवस पुण्याच्या कचेरीत हजर राहावे. भाचीने उत्तर अजून दिलेले नाही. दुसऱ्या एका कंपनीशी तिचे बोलणे चालू आहे; तिथे कचेरीच नाही, पण पगार वीस टक्के कमी.

ताईने गुडघ्याची तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली घेतली आहे. भाचीला ते मी कळवावे, असे ताईचे म्हणणे. तूच कळव, असे माझे.