शुक्रवारचं पत्र

जुलै संपत आला आणि लेकीचं इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या शाळेतलं पहिलं वर्ष पूर्ण झालं. इथे या वर्गाला ‘रिसेप्शन’ म्हणतात. चार वर्षं पूर्ण झालेलं मूल येणाऱ्या सप्टेंबरात त्या वर्गात जातं. ३९ आठवड्यांचं हे वर्ष मला शुक्रवारांच्या हिशेबाने आठवतं. दर शुक्रवारी दुपारी बाईंचं पानभर पत्र फोनवर यायचं: या आठवड्यात काय केलं, पुढच्या आठवड्यात काय आहे, घरी काय करता येईल. रात्री मी ते मराठीत लिहून नाशिकला आईला पाठवायचे. आईने वीस वर्षं बालवाडी चालवली आहे. रविवारी तिचा फोन यायचा.

सप्टेंबरात मी लेकीला रोज विचारायचे, “आज काय केलंस?” उत्तर ठरलेलं, “काही नाही.” आई मात्र पत्र वाचून विचारायची, “टबात काय बुडलं गं? आणि काय तरंगलं?” मग लेकीचं बोलणं थांबायचंच नाही. बुचाचं लाकूड, चमचा, शंखाएवढं पान, सगळं यायचं त्यात. पत्र कशासाठी असतं, ते मला त्या फोनमुळे कळलं. चार वर्षांच्या मुलाकडे सांगण्यासारखं खूप असतं. नेमकं विचारणारं माणूस लागतं.

पहिल्या पत्रांत ध्वनी होते. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात, कारण त्यांच्यातून लगेच शब्द जुळतात. बाईंची सूचना होती की ध्वनी नुसता म्हणा, मागे काही जोडू नका. माझ्या मराठी जिभेवर प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ चिकटलेला. मी ‘स’ म्हणायचे आणि लेक मान हलवायची. आईने एका वाक्यात सोडवलं, “अगं, अक्षराचा पाय मोड.” स्, ट्, प्. झालं! पुढे एस आणि एच मिळून ‘श’ आला, तेव्हा आईला गंमत वाटली. आपल्या जोडाक्षरात एका आकारात दोन ध्वनी बसतात, इथे दोन अक्षरांत एकच. २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनी तोलायचे, तर असं करावंच लागणार.

तोवर मी घरात इंग्रजी वाढवायला लागले होते, लेक वर्गात मागे पडू नये म्हणून. दिवाळीच्या आधीच्या पत्राने मला थांबवलं. बाईंनी लिहिलं होतं, घरच्या भाषेतच गोष्टी सांगा, भरपूर बोला. ही केवळ बाईंची इच्छा नव्हती. इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या सरकारी आराखड्यातच आहे, की मुलाला खेळताना आणि शिकताना घरची भाषा वापरायची संधी मिळावी, आणि सोबत इंग्रजीचाही पाया पक्का व्हावा. त्या आठवड्यात वर्गाने मातीच्या पणत्या केल्या. पत्रातल्या फोटोखाली ‘पणती’ हाच शब्द होता. मी तो कितीतरी वेळ बघत बसले.

जानेवारीत आकडे आले आणि आई नाराज झाली. “वर्षभर फक्त दहापर्यंत?” पूर्वी इथेही वीसपर्यंतच्या आकड्यांचं उद्दिष्ट होतं. २०२१च्या बदलानंतर भर आला तो दहाच्या आतल्या आकड्यांची घडण नीट समजण्यावर. पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता, बघताक्षणी ओळखता याव्यात. पाच म्हणजे तीन आणि दोन, तसेच चार आणि एक, हे हाताला कळावं. पुढच्या रविवारी आईने फोनसमोर कवड्या टाकल्या. “उताण्या किती? पालथ्या किती?” लेक क्षणात सांगायला लागली, आणि आईची नाराजी गेली.

उन्हाळ्यात वर्ग झाडांत गेला. ब्रॅकनेलच्या दक्षिणेला स्विनली फॉरेस्ट पसरलं आहे, पाइनची उंच झाडं आणि वाळूच्या वाटा. मुलांनी तिथे शंकूफळं वेचली, काटक्यांची घरं केली. जंगलशाळेची ही कल्पना ब्रिटनमध्ये १९९३नंतर डेन्मार्क पाहून आली. आई म्हणाली, “आपल्याकडे ताराबाईंनी कुरणशाळा काढली होती.” गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असा ताराबाई मोडकांचा विचार. १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख, बिया, पानं, खडे हेच शैक्षणिक साहित्य केलं. ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ही चालवली, कारण मूल समजून घ्यायचं तर आईबापांशीही बोलत राहावं लागतं. बाईंच्या शुक्रवारच्या पत्राकडे आई अशी ओळखीने का बघत होती, ते मला त्या दिवशी उमगलं.

जुलैत प्रगतिपत्रक आलं. १७ उद्दिष्टं, आणि प्रत्येकापुढे दोनच शक्यता: गाठलं, किंवा अजून वाटेवर. लेकीचं लेखन वाटेवर होतं. आईने तेवढंच विचारलं, “वाटेवर आहे ना? मग चालू दे.”

सुट्टीतल्या पहिल्या शुक्रवारी पत्र येणार नव्हतं. आम्ही लिली हिल पार्कमधून परतलो. लेक कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी बसली. “आई, आजीचं पत्र राहिलं. आज काय काय केलं, ते मी सांगते. तू लिही.”