अठरा हजार व्ह्यूज आणि सडलेली अकरा खोकी



मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "सर, रील टाकतोय, व्ह्यूज पण येतात, पण ऑर्डर येत नाही. काय चुकतंय?" याचं उत्तर व्हिडिओत दहा मिनिटांत बसेना, म्हणून इथे लिहितोय. आणि दुसऱ्या कुणाची नाही, माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, धारूरच्या डोंगरपट्ट्यात राहतो. दोन एकर हलकी जमीन, बांधावर आणि माळावर सीताफळाची झाडं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. अंबाजोगाईला तर सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे. बालाघाटच्या मुरमाड जमिनीतलं, कमी पाण्यावर आलेलं फळ, गोडीला तोड नाही. पण दादाच्या घरी या मानांकनाचा एक रुपयाही आला नव्हता. फळ पाटीत भरायचं, मोंढ्यात न्यायचं, आडत्या म्हणेल तो भाव घ्यायचा. सीताफळ संपलं की दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी दारात. दादा-वहिनी दोघं ऊसतोडीला, पोरं आजीकडे.

आपण ट्रेनर ना! मी दादाला म्हटलं, "एवढं भारी फळ मोंढ्यात कशाला घालतोस? मोबाईलवर विकू." वहिनींनी फळ हातात घेऊन फोडलं, पांढराशुभ्र गर दिसला, मागे डोंगर. मी गाणं लावलं, रील टाकली. चार दिवसांत अठरा हजार व्ह्यूज! मी हवेत. दोनशेच्या वर मेसेज आले. नागपूर, सुरत, एकजण तर दुबईहून. नव्वद टक्के लोकांचा मेसेज एका शब्दाचा: "भाव?"

त्यातून खऱ्या ऑर्डर बावीस निघाल्या. पुण्या-मुंबईच्या, वेगवेगळ्या पत्त्यांवरच्या. सहाशे रुपयांचं एक खोकं. पार्सलने पाठवली. बावीसपैकी अकरा खोकी पोहोचली तेव्हा आत लगदा होता. काही तिसऱ्या दिवशी पोहोचली, काही पाचव्या. सीताफळ झाडावरून उतरलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं, हे दादाच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला "कंटेंट" माहीत होता, फळ माहीत नव्हतं.

सहा हजार सहाशे रुपये परत केले. ते तर मी माझ्या खिशातून दिले, पण खरा तोटा दुसराच. ऑर्डर येतील म्हणून दादाने दोन तोडे मोंढ्यात नेलेच नव्हते. तेही घरात पिकून गेले. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मोबाईलवर लोक लई, पण पाटी उचलायला एक बी नाही."

ते वाक्य मी अजून प्रत्येक बॅचमध्ये सांगतो.

पुढच्या सीझनला दादा तयारच नव्हता, त्याला तयार करायला मला उन्हाळाभर लागला. यावेळी मी मोबाईल बाजूला ठेवला आणि आधी वही काढली. वहीत एकच प्रश्न लिहिला: हे फळ दोन दिवसांत कुणाच्या हातात पडू शकतं? उत्तर सोपं होतं. पुणे. बीडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स निघतात, सकाळी पुण्यात. आणि पुण्यात बीडचा माणूस किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. चाकण, भोसरी, वाकड, हिंजवडी, कुठेही जा, आपल्या जिल्ह्याचा पोरगा भेटतोच. त्याला सीताफळ काय असतं हे रील करून समजावावं लागत नाही. त्याला ते लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त तिथे मिळतं ते फळ त्याच्या आठवणीतलं नसतं.

मग आम्ही काय केलं? दादाच्या, वहिनींच्या आणि माझ्या फोनमधून असे लोक शोधले, जे बीडचे आहेत आणि पुण्यात राहतात. वर्गमित्र, पाहुणे, जुने शेजारी. अडतीस नावं निघाली. अठरा हजार नाही, अडतीस. प्रत्येकाला फोन केला. मेसेज नाही, फोन. "सीताफळ पाठवायचं ठरवलंय, नंबर सेव्ह करून ठेवा." हे नंबर सेव्ह करायला सांगणं फार महत्त्वाचं, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर मेसेज त्यालाच जातो ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. अनोळखी लोकांना ढीगभर मेसेज पाठवलेत, त्यांनी तक्रार केली, तर नंबरच बंद पडतो. मग बसा बोंबलत.

दादाच्या जुन्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. हे ॲप २०१८ पासून आहे, फुकट आहे, आणि आजही आपले निम्मे दुकानदार साध्या व्हॉट्सॲपवर धंदा करतात, मला कळत नाही का! त्यात कॅटलॉग करता येतो: फोटो, वजन, किंमत. म्हणजे "भाव?" विचारणाऱ्याला उत्तर टाइप करत बसायची गरज नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं: पैसे आले, माल पाठवला, पोहोचला. वहिनी दहावी शिकलेल्या, त्यांनी दोन संध्याकाळींत शिकून घेतलं. दादा अजून शिकतोय.

आणि आठवडा बांधून घेतला. सोमवार ते गुरुवार ऑर्डर आणि पैसे. शुक्रवारी सकाळी तोडणी. डोळे उघडलेले, डोळ्यांमधल्या रेघा पिवळसर झालेल्या, पण दाबलं तर कडक, असंच फळ. कोवळं तोडलं तर पिकतच नाही, काळं पडतं. पाडाला लागलेलं घेतलं तर रस्त्यात मऊ. दुपारी खोकी भरायची, एका थरात, मध्ये कागदाच्या पट्ट्या. रात्री ट्रॅव्हल्सला. शनिवारी सकाळी वाकडला आमचा भाचा उतरवून घ्यायचा आणि लोक त्याच्या खोलीवरून न्यायचे. घरपोच नाही. काही जण कुरकुरले, पण आले. रविवारी फळ बरोबर खायला तयार.

आता सोशल मीडिया यात कुठे आला? इथे आला. वहिनी रोज एक स्टेटस टाकायच्या. सोमवारी झाडाचा फोटो. बुधवारी "या आठवड्याची तीस खोकी, अठरा गेली." शुक्रवारी तोडणीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, गाणं नाही, पाखरांचा आवाज आणि वहिनींचं बोलणं. एका शुक्रवारी पावसाने फळ तडकलं, तर त्यांनी तडकलेलं फळच दाखवलं, "या आठवड्याला माल कमी हाय, ज्यांचे पैसे आले त्यांनाच मिळंल." त्या स्टेटसवर सगळ्यात जास्त उत्तरं आली. मी असतो तर ते दाखवू दिलं नसतं, खरं सांगतो.

हिशोब सांगतो, कारण हिशोबाशिवाय या ब्लॉगवर काही छापायचं नाही असा आपला नियम आहे. चार किलोचं खोकं ४८० रुपये. खोकं ३५, कागद-टेप ५, ट्रॅव्हल्स ४०, भाच्याचे ३०, खराब मालापोटी धरलेले २०. झाले १३०. हातात राहिले ३५०, म्हणजे किलोला साडेसत्त्याऐंशी. त्या दिवसांत मोंढ्यात सगळं कापून हातात पडत होते चाळीसच्या आसपास. पाच आठवड्यांत ११८ खोकी गेली. मोंढ्यापेक्षा बावीस हजारांच्या वर जास्त मिळाले.

पण थांबा, टाळ्या वाजवू नका. खोक्यात जातं ते मोठं, एकसारखं फळ. दादाच्या मालातला चौथा हिस्सा फक्त. बाकीचा तीन हिस्से माल तेव्हाही मोंढ्यातच गेला, आजही जातो. आडत्याशी भांडून गाव सोडायचं नसतं. आणि बावीस हजारांत कोयता सुटत नाही. मुकादमाची उचल त्याहून कितीतरी मोठी असते, ती आधीच घरात लागलेली होती. त्या वर्षी दादा-वहिनी दोघंही कारखान्याला गेले. त्याच्या पुढच्या वर्षी वहिनी मागे राहिल्या. लिस्ट १९० वर गेली होती, आणि बारीक, डागी फळाचा गर काढून गोठवून द्यायचं काम त्यांनी धरलं होतं. पोरं शाळा सोडून कुठे गेली नाहीत. दादा एकटा गेला, दुसऱ्या कुणाबरोबर जोडीने. एवढंच झालंय आतापर्यंत.

गराचं निघालं म्हणून सांगतो. शेतकऱ्याने स्वतःचं ताजं फळ विकणं वेगळं आणि गर काढून डब्यात भरून विकणं वेगळं. गर, रबडी, बासुंदी विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा १४ आकडी नंबर डब्यावर छापावा लागतो. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो आणि उघडा राहिला की तपकिरी पडतो, म्हणून तो गोठवूनच ठेवतात. म्हणजे डीप फ्रीजर आला, लाइट बिल आलं. आणि जीआयचं चिन्ह खोक्यावर छापायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. बीडमध्ये राहतो म्हणून आपोआप छापता येत नाही. वहिनींच्या खोक्यावर ते चिन्ह अजून नाही.

काही जण म्हणतील, सर, म्हणजे रील, यूट्यूब सगळं बंद करायचं का? अजिबात नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण बघा. सारोळा कासार, नगर तालुका, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथल्या सुमन धामणे आजी, 'आपली आजी' चॅनलवाल्या. नातू यश पाठकने २०२० मध्ये आजींच्या रेसिपी यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. साधी चूल, साधी भाषा, कारल्याची भाजी, चटणी. लाखो लोकांनी बघितलं. पुढे आजींचे मसालेही विक्रीला आले. इथे यूट्यूब का चाललं? कारण मसाला पाच दिवस रस्त्यात राहिला तरी बिघडत नाही! दुबईच्या माणसाने "भाव?" विचारला तर त्याला माल देता येतो. जो माल टिकतो त्याला लांबचं गिऱ्हाईक परवडतं. ज्याचा माल दोन दिवसांचा आहे, त्याने आधी दोन दिवसांच्या अंतरावरचा माणूस शोधावा. लोणचं, पापड, शेवया, घोंगडी असेल तर खुशाल रील करा, महाराष्ट्रभर पाठवा. वडापावची गाडी असेल तर गुगल मॅपवर दुकानाची जागा, वेळ, फोटो टाका. तेही फुकट आहे, आणि बसस्टँडवर उतरलेला भुकेला माणूस तिथेच शोधतो.

त्याच आजींची आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचं चॅनल हॅक झालं होतं. काही दिवसांनी परत मिळालं, पण ते दिवस कसे गेले असतील विचार करा. आणि त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉक बंद केलं. आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांचे लाखांत फॉलोअर होते, रात्रीत गेले. ते ॲप म्हणजे भाड्याची जागा आहे हो. मालक कधीही कुलूप लावेल. म्हणून वहिनींची लिस्ट फोनमध्ये आहे तशीच वहीतही आहे, नाव, नंबर, पुण्यातला भाग, मागच्या वर्षी किती खोकी. तुमच्या सगळ्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन आज रात्री जेवायच्या आधी लावा.

पैशाचंही एक. दुसऱ्या सीझनला एकाने वहिनींना क्यूआर कोड पाठवला, "ताई, स्कॅन करा म्हणजे तुमचे पैसे येतील, दहा खोकी पाहिजेत." वहिनींनी स्कॅन केला नाही, मला फोन केला. पैसे घ्यायला कधीच काही स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपल्याकडचे जातात. तसंच पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, आपल्या बँकेचा मेसेज बघा. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर केला तर पैसे पुढे सरकत जातात.

तर आता तुमचं काम. रील नंतर. आधी एक वही घ्या आणि तुमचा माल खराब न होता जिथे पोहोचतो, तिथल्या तीस ओळखीच्या लोकांची नावं लिहा. तीस निघत नसतील तर कमेंटमध्ये तुमचा धंदा आणि गाव लिहा, आपण मिळून शोधू. पुढच्या व्हिडिओत वहिनी स्वतः खोकं भरून दाखवणार आहेत. मी कॅमेरा धरणार, बोलणार त्या. दादाचं म्हणणं आहे की यावेळी तरी गाणं लावू नको.