नंबर विमानाचा, नंबर बंदुकीचा

अमेरिकेतल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर इंग्रजी 'एन' या अक्षराने सुरू होणारा एक नंबर असतो. आमच्या फ्लाइंग क्लबच्या सेसना 172 वरही तो आहे, शेपटीच्या थोडा अलीकडे, दोन्ही बाजूंना. तो नंबर फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे एफएएच्या, नोंदीत शोधला की विमान कुठल्या साली, कुठल्या कंपनीने बनवलं ते कुणालाही कळतं. हल्ली खासगी मालकाला आपलं नाव-पत्ता लोकांपासून झाकून ठेवता येतो, पण सरकारदरबारी नोंद असतेच.

बंदुकीवरही नंबर असतो. पण गुन्ह्यात सापडलेली बंदूक कुणाची, हे शोधायचं तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग या गावातल्या सरकारी कार्यालयाला आधी कारखान्याला विचारावं लागतं, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकानदार कपाटातून कागदी फॉर्म काढतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे सगळे कागद खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला येतात. तिथे त्यांचे फोटो काढून ठेवतात, पण खरेदीदाराच्या नावाने ते शोधता येणार नाहीत अशाच पद्धतीने. बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंद सरकारने करू नये, असं 1986 चा कायदाच सांगतो. वर्षाला सहा लाखांहून जास्त बंदुकांचा माग तिथली माणसं या रीतीने काढतात.

मी नाशिकची. ओझरच्या कारखान्यातून निघालेली मिग डोक्यावरून गेली की वर्गातली सगळी मुलं खिडकीशी धावायची, त्यात मी पहिली. बंदूक मात्र बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावरच काय ती पाहिलेली. नोकरीच्या निमित्ताने ओहायोतल्या डेटनला आले, इथेच विमान चालवायला शिकले, आणि आता नागरिक म्हणून इथे मत देते. डेटन हे राइट बंधूंचं गाव. पहिलं उड्डाण 1903 साली किटी हॉकला झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विमान वळवायचं कसं आणि हवेत टिकवायचं कसं, हे ते दोघे शिकले डेटनबाहेरच्या हफमन प्रेअरी या गायरानात. 5 ऑक्टोबर 1905 ला विल्बर तिथे 39 मिनिटं घिरट्या घालत राहिला आणि 24 मैल उडाला. ते गायरान आज हवाई दलाच्या तळाच्या हद्दीत आहे, पण लोकांना बघायला खुलं आहे.

आमच्या धावपट्टीवर माझ्या शेजारच्या हँगरमध्ये एक निवृत्त गृहस्थ आहेत. उत्तम पायलट, त्याहून उत्तम मेकॅनिक. त्यांच्याकडे बंदुका बऱ्याच आहेत, आणि सरकारने आपल्या आयुष्यात नाक खुपसू नये हे त्यांचं ठाम मत. गंमत म्हणजे हाच माणूस उड्डाणाआधी पंखाखाली वाकून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढतो आणि उजेडात धरून बघतो. आमचं पेट्रोल निळसर असतं. त्यात पाणी असेल तर ते तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं, आणि तेवढं पाणी इंजिन बंद पाडायला पुरतं. हे ते दर वेळी करतात, दोन्ही पंखांना, कुणी बघत असो वा नसो. वर्षाची तपासणी, दर दोन वर्षांनी प्रशिक्षकासोबतची उजळणी, हे सगळं ते बिनतक्रार पाळतात. नियमांबद्दल कुरकुर करतील, पण नियम नकोत असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

माझं म्हणणं सुरू होतं ते इथून. छोटं विमान उडवण्याचं जेवढं स्वातंत्र्य अमेरिकेत आहे, तेवढं फार थोड्या देशांत असेल. स्वच्छ हवामानात मी कुणालाही न विचारता, उड्डाणाचा आराखडा न देता, या गावातून त्या गावाला जाऊ शकते. हे स्वातंत्र्य टिकलं, कारण विमानवाल्यांनी स्वतःहून नियम मागितले. 1920 च्या दशकात कुणीही कसलंही विमान उडवत होतं, माणसं मरत होती, आणि सामान्य प्रवासी विमानाजवळ फिरकत नव्हता. तेव्हा कारखानदार आणि वाहतूकदारच वॉशिंग्टनला गेले की आम्हाला कायदा द्या. त्यातून 1926 चा एअर कॉमर्स ॲक्ट आला. पायलटला लायसन्स, विमानाला नोंदणी आणि तपासणी, आणि अपघाताची चौकशी, सगळं तिथून.

चौकशीची सवय तर त्याहून जुनी. 17 सप्टेंबर 1908 ला फोर्ट मायर या लष्करी तळावर ऑरव्हिल राइट सैन्याला विमान दाखवत होता. सोबत लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज. प्रोपेलरचं एक पातं तडकलं, शेपटीच्या आधाराच्या तारेत अडकलं आणि विमान कोसळलं. सेल्फ्रिज गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला तो पहिला बळी. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. तुटके तुकडे तपासून कारण शोधलं गेलं, रचना बदलली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ऑरव्हिलने त्याच मैदानावर त्याच सैन्यासमोर चाचणी पुरी केली. माणूस मेला, तर का मेला हे कळल्याशिवाय थांबायचं नाही, हा विमानविद्येचा धर्म तिथून पडला. आजही एखाद्या शेतात दोन आसनी विमान पडलं तरी राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळ त्याचा अहवाल काढतं, आणि तो कुणालाही वाचता येतो. दोष एखाद्या सुट्या भागात निघाला तर एफएए सक्तीचा दुरुस्ती आदेश काढते आणि नोंदणीतल्या मालकांना कळवते. नंबराचा खरा उपयोग हा. विमान जप्त करायला तो नंबर नसतो.

बंदुकीत दोष निघाला तर? ग्राहकोपयोगी वस्तूंवर नजर ठेवणारा जो केंद्रीय आयोग आहे, त्याला खेळण्यातली पिस्तुलं बाजारातून परत मागवता येतात, खऱ्या पिस्तुलांना हात लावता येत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापले होते, आजही संतापते.

आणखी एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. 1976 पासून नासा पायलटांकडून त्यांच्याच चुकांचे अहवाल घेते. चुकून बंद हवाई हद्दीत शिरलात, टॉवरचं ऐकण्यात गफलत झाली, तर दहा दिवसांत लिहून कळवा. नाव काढून टाकलं जातं, आणि चूक मुद्दाम केलेली नसेल तर सहसा दंडही होत नाही. या अहवालांतून धावपट्ट्यांच्या खुणा बदलल्या, नकाशे सुधारले. बंदुकीच्या मृत्यूंचा अभ्यास मात्र 1996 साली अमेरिकी काँग्रेसने घातलेल्या एका अटीमुळे सरकारी पैशावर दोन दशकांहून अधिक काळ थंडावला. त्यासाठी पुन्हा वेगळी रक्कम मिळाली ती 2019 च्या अखेरीस.

त्याच वर्षी 4 ऑगस्टच्या पहाटे आमच्या डेटनच्या ओरेगन डिस्ट्रिक्टमध्ये एका तरुणाने शंभर गोळ्यांच्या ड्रमची बंदूक चालवली. पोलिसांनी त्याला सुमारे अर्ध्या मिनिटात टिपलं. तेवढ्यात नऊ माणसं गेली. त्या रात्री शोकसभेत गव्हर्नर माइक डिवाइन बोलायला उभे राहिले तेव्हा गर्दी एकच ओरडत होती, काहीतरी करा. त्यांनी योजना मांडल्या, त्या विधिमंडळात अडल्या. मार्च 2022 मध्ये त्याच गव्हर्नरांनी सही केली ती लायसन्सशिवाय, प्रशिक्षणाशिवाय लपवून बंदूक बाळगण्याच्या परवानगीवर. आमच्या हँगरमध्ये विद्यार्थ्याला एकट्याने विमान द्यायच्या आधी प्रशिक्षक वहीत सही करतो. ओहायोत बंदूक कमरेला लावायला आता कुणाचीच सही लागत नाही.

शेजाऱ्यांचं उत्तर पक्कं असतं. विमान उडवणं ही सवलत, बंदूक हा हक्क, 1791 पासून घटनेत लिहिलेला. ते खरं आहे, आणि 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क मानला हेही खरं. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालियांनी हा हक्क अमर्याद नाही असंही स्पष्ट म्हटलं आहे. मला कुणाची बंदूक काढून घ्यायची नाही. विमानवाल्यांनी आपल्या आवडीपायी जे सोसलं, ते बंदूकवाल्यांनी का सोसू नये, एवढंच मी विचारते.

कॉकपिटमधल्या बंदुकीवरही आमचा वाद होतो. 11 सप्टेंबर 2001 नंतर पायलटांना प्रशिक्षण देऊन कॉकपिटपुरती बंदूक बाळगू देणारा कायदा झाला. ते म्हणतात, हीच खरी सुरक्षा. मी त्यांना मार्च 2008 चं डेन्व्हर-शार्लट उड्डाण सांगते. त्या योजनेत पिस्तूल ठेवायच्या म्यानाला कुलूप लावायचं होतं, आणि कुलपाचा दांडा नेमका चापाजवळून जात होता. उतरताना पिस्तुलातून गोळी सुटली आणि विमानाच्या पत्र्यातून आरपार गेली. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. विमान अपहरणं खरी थांबवली ती तपासणीने. 1968 ते 1972 या काळात अमेरिकेत शंभराहून अधिक विमानं पळवली गेली. वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जून 1972 मध्ये संप केला, 1973 च्या जानेवारीत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली, आणि तो आकडा एकदम कोसळला.

एका मुद्द्यावर मात्र शेजारी माझ्यापेक्षा खरं बोलतात. नैराश्यावर उपचार घेतला तर वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल, या भीतीने कितीतरी पायलट डॉक्टरकडे जातच नाहीत. चूक कबूल करायला मुभा, आजार कबूल करायला शिक्षा, हा आमच्या क्षेत्राचा दोष आहे आणि त्यात सुधारणा फार सावकाश चालली आहे. बंदूकवाल्यांची भीती तशीच असते, की मन बरं नाही म्हणालो तर बंदूक जाईल. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. छोट्या विमानांच्या अपघातांत वर्षाला तीन-चारशे जातात, आणि त्यातल्या प्रत्येकाची फाइल असते.

म्हणून निवडणूक आली की दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, मी तीन गोष्टी विचारते. बंदुकीच्या प्रत्येक मृत्यूची विमान अपघातासारखी चौकशी करणारं मंडळ नेमाल का? सदोष बंदूक परत मागवायचा अधिकार ग्राहकोपयोगी वस्तूंच्या त्या आयोगाला द्याल का? आणि विमानाच्या चाव्या हातात देण्याआधी माझ्या प्रशिक्षकाने माझ्याकडून जेवढं करून घेतलं, त्याच्या निम्मं तरी बंदूक घेणाऱ्याकडून करून घ्याल का? गेल्या खेपेला एका तरुण उमेदवाराने तिन्ही प्रश्न लिहून घेतले. हँगरमधल्या शेजाऱ्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी त्यातल्या दुसऱ्याला तिथल्या तिथे मान डोलावली.