'लांबपायां'ची ओळख दडली आहे पोटाखाली!

पुणे - पावसाळ्यात सह्याद्रीतील एखाद्या ओलसर कपारीत डोकावले, की केसांसारख्या लांब पायांच्या जिवांचा घोळका एकाएकी थरथरू लागतो. पाहणारा 'कोळी' समजून मागे सरकतो. हा प्राणी कोळ्याप्रमाणेच अष्टपाद वर्गातील. पण कोळी नव्हे. इंग्रजीत त्याला 'हार्वेस्टमन' म्हणतात. कोळ्याचे शरीर कमरेशी आवळलेले असते, याचे मात्र धान्याच्या दाण्यासारखे अखंड. जाळे विणण्याच्या ग्रंथी नाहीत आणि विषही नाही.

खरा फरक मीलनाच्या रीतीत आहे. नर कोळी तोंडाजवळच्या स्पर्शपादाने शुक्राणू मादीकडे पोचवितो. हार्वेस्टमनच्या नराला स्वतंत्र शिश्न असते आणि मादीला अंडी घालण्यासाठी लांबविता येणारी नळी. दोन्ही अवयव पोटाखाली, पायांच्या मधोमध एका झडपेआड मिटलेले असतात. ही रचना अतिप्राचीन आहे. स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत हे दोन्ही अवयव ओळखता आले. त्यांचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

वर्गीकरणाचा घोळ याच झडपेपाशी सुरू होतो. जगात हार्वेस्टमनच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी कितीतरी जातींना नावे दिली ती जर्मन अभ्यासक कार्ल फ्रीडरिश रोएवर यांनी. त्यांचा जगभरच्या जातींवरील प्रचंड ग्रंथ १९२३ मध्ये निघाला. भारतातील बऱ्याच जातीही त्यांनीच नोंदविल्या. रोएवर यांचा भर पाठीवरचे काटे, रंग आणि पायाच्या टोकाकडील पेरांची संख्या यांवर होता. पेरे मोजणे सोपे; पण एकाच जातीत ती कमी-जास्त भरतात. परिणामी एकाच प्राण्याला दोन नावे मिळाली, तर कुठे भिन्न प्राणी एका नावाखाली आले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेकोस्लोव्हाकियातील शिल्हावी आणि जर्मनीतील मार्टेन्स यांनी नराच्या प्रजननेंद्रियाला महत्त्व दिले. या अवयवाचा दांडा, त्यावरचे टोक आणि टोकाची बारीक सुई यांचा आकार जातीगणिक वेगळा असतो. काही गटांत टोक स्नायूने हलते; काहींत स्नायूच नाही, आतील द्रवाच्या दाबाने ते बाहेर येते. मोठे गट वेगळे करण्यास एवढा फरकही उपयोगी पडतो. अर्थात त्यासाठी मद्यार्कात ठेवलेल्या नराचा अवयव सुईने अलगद काढून सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटावा लागतो. काम किचकट, आणि हाती फक्त मादी असेल तर अडतेच.

पुण्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातील, विंचवांचे अभ्यासक म्हणून परिचित असलेले डॉ. डी. बी. बस्तवडे यांनी गॉन्झालो जिरिबेट व प्रशांत शर्मा यांच्यासह २००७ मध्ये ईशान्य भारतातून एक नवी प्रजाती आणि जाती नोंदविली. तिचे नाव 'मेघालया ॲनान्डेली', संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनान्डेल यांच्या स्मरणार्थ. हा गट गोचिडीसारखा दिसणारा, जेमतेम काही मिलिमीटरचा. त्यातील नरांना लांब शिश्न नसते. आखूड अवयवाने ते शुक्राणूंची पुडी मादीला देतात.

सह्याद्रीतील लांबपायांची नावे अशीच नव्याने तपासायची, तर मूळ नमुने पाहणे आले. रोएवर यांचा संग्रह फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयात आहे. इथल्या कपारीत आज सापडलेला नर नेमका कोणत्या नावाचा, हे ठरविण्यासाठी बरेचदा तिथल्या बाटलीतील शंभर वर्षांपूर्वीच्या नराची झडप उघडावी लागते.