पावतीपासून हमीभावापर्यंत

■ मावळचं पीक : सुवासिक ‘इंद्रायणी’ भात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राची देणगी, वाण प्रसारित झालं १९८७ मध्ये.

■ अडचण कुठे? : केंद्र सरकारच्या हमीभावात भाताच्या दोनच प्रती : सर्वसाधारण आणि ‘अ’ दर्जा. सुवासाला वेगळा भाव नाही.

■ शेजारचा धडा : शेतकरी नेते शरद जोशींनी चाकणजवळच्या आंबेठाणला स्वतः शेती करून खर्चाचा ताळेबंद मांडला. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनामागे हा हिशेब होता. ‘उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव’ ही मागणी त्यातूनच उभी राहिली.



■ भात उत्पादक गटाने काय नोंदवावं? : रोपं, लावणीची मजुरी, झोडणी, भरडाई, वाहतूक, हमाली, तोलाई. एक क्विंटल भातातून अख्खा तांदूळ किती, कणी किती. विक्रीची प्रत्येक पट्टी (पावती) तारखेसह जपावी.

■ मांडायचं कुठे? : १९६५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय कृषिमूल्य आयोग भावाची शिफारस करण्यापूर्वी शेतकरी संघटनांचं म्हणणं ऐकतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी तिथे गावोगावच्या नोंदी एकत्र करून न्याव्यात. आकडे हाती असले की निवेदनाला वजन येतं.