पटलातून गाळलेले सांडपाणी शेतीस चालेल काय?

भात कापून झाले की जमिनीतील ओलीवर वाल पेरावयाचे, ही पनवेल तालुक्याची जुनी रीत. करंजाडे येथे आता सिडकोची वसाहत उभी आहे. शेती थोडी उरली, सांडपाणी मात्र बारमाही झाले. ते भाजीपाल्यास द्यावे काय, असे शेतकरी बंधू विचारतात. कच्चे सांडपाणी पालेभाजीस कदापि देऊ नये. त्यातील रोगजंतू व जंतांची अंडी पानांवर राहतात. शुद्ध केलेल्या पाण्याविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

हौदात हवा सोडून घाण खाणारे जीवाणू वाढविण्याची पद्धत १९१४ साली मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट यांनी प्रसिद्ध केली. खताच्या खड्ड्यात जे काम महिनोन्महिने चालते, ते येथे काही तासांत होते. परंतु पुढे गाळ नीट खाली न बसल्यास पाणी गढूळच बाहेर पडे. नव्या पद्धतीत पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून ओढून घेतात. ही छिद्रे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतात. जीवाणू त्याहून मोठा, म्हणून तो मागेच अडकतो. नवी मुंबई महानगरपालिकेने कोपरखैरणे व ऐरोली येथे जीवाणूंनी शुद्ध झालेले पाणी पुढे अशा पटलांतून गाळण्याची केंद्रे उभारली आहेत. प्रत्येकाची क्षमता रोज दोन कोटी लिटर असून ते पाणी मुख्यत्वे कारखान्यांसाठी आहे.

पाणी काचेसारखे दिसले म्हणून शेतकऱ्याने भुलू नये. पटल जंतू अडविते, विरघळलेले मीठ अडवीत नाही. खाडीकाठच्या गटारांत भरतीचे पाणी झिरपले की ते मीठ थेट शेतात येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणाप्रमाणे सिंचनाच्या पाण्याची विद्युत्वाहकता २,२५० मायक्रोम्होज प्रति सेंटिमीटरपेक्षा आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. घेवडा तर याहून पुष्कळ कमी खारेपणातच मार खातो. उलट, या पाण्यात काही नत्र उरलेले असते. तेवढे वरखत कमी करावे, नाहीतर पीक नुसते माजते.

विजेचे बिल वाचविण्यासाठी रात्री हवेचे पंप बंद ठेवणारी गृहसंकुले मी पाहिली आहेत. त्यामुळे जीवाणू गुदमरतात, पटल चोंदते व पाण्यास वास येऊ लागतो. अशा दिवशी पाणी घेऊ नये. तपासणीचा नमुना उन्हाळ्याच्या अखेरीस, खारेपणा सर्वाधिक असताना घ्यावा. बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून मगच भरावी.