वाट पाहणाऱ्यांचं शहर

स्पेनला जायचं म्हटलं की आपल्याकडची मंडळी बहुधा माद्रिद, बार्सिलोना आणि फार तर ग्रानादाचा राजवाडा एवढं पाहून परततात. आमचंही तसंच ठरत होतं. पण माझ्या यजमानांनी एक अट घातली. ‘चार दिवस कादिझला राहायचं.’ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘ते गाव मी अकरा दिवस पाहिलंय, पण तिथं एक पाऊलही टाकलेलं नाही.’

हे व्यापारी जहाजावर इंजिनियर होते. १९८३ च्या ऑक्टोबरात त्यांचं जहाज इंजिनातल्या बिघाडामुळं कादिझच्या उपसागरात नांगर टाकून उभं राहिलं. संध्याकाळी डेकवर आलं की समोर पांढरं गाव दिसायचं, चर्चचा पिवळा घुमट दिसायचा आणि घरांच्या गच्च्यांवर कितीतरी छोटे छोटे मनोरे दिसायचे. किनाऱ्यावर उतरायची परवानगी मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही. चर्चचे म्हणावेत तर इतके कसे, आणि किल्ल्याचे म्हणावेत तर घरांवर कसे? एवढ्या मनोऱ्यांचं काय काम, हा प्रश्न यांच्या डोक्यात चाळीस वर्षं तसाच राहिला होता.

सेव्हिलहून रेल्वेनं कादिझला जायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. शेवटी शेवटी दोन्ही बाजूंना मिठागरं दिसायला लागली आणि मला आपल्या कोकणाची आठवण झाली. जुनं कादिझ जवळजवळ बेटच आहे. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीशी जोडणारी वाळूची एक अरुंद पट्टी. पश्चिम युरोपातलं सलग वस्ती असलेलं हे सर्वांत जुनं शहर मानलं जातं. परंपरा सांगते की पूर्व भूमध्य समुद्रातून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास ते वसवलं. उत्खननात सापडलेले अवशेष त्यानंतरच्या दोन-तीन शतकांचे आहेत. या लोकांनी गावाला ‘गादिर’ म्हटलं, म्हणजे तटबंदीची जागा. त्याचंच पुढं कादिझ झालं. गावातली माणसं मात्र शेवटची अक्षरं गिळून नुसतं ‘काई’ म्हणतात.

आम्ही एका जुन्या घरात उतरलो होतो. पहिल्याच सकाळी यांनी मालकीणबाईंना मनोऱ्यांचं विचारलं. बाईंनी आम्हाला आधी खाली चौकात नेलं. ‘मनोरा समजायचा तर घर खालून वर बघावं लागतं,’ असं काहीसं त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या वसाहतींशी चालणाऱ्या स्पेनच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय आधी सेव्हिलला होतं. पण सेव्हिल नदीकाठी, समुद्रापासून आत. गाळ साचत गेला, जहाजं मोठी होत गेली आणि १७१७ साली ते कार्यालय कादिझला हलवलं गेलं. त्यानंतर या लहानशा जागेत अमाप पैसा आला. जागा अपुरी, म्हणून घरं उंच झाली. तळमजल्यावर माल ठेवायचा, त्याच्या वरच्या बुटक्या मजल्यावर पेढी आणि हिशेबनिसांची बसायची जागा, त्यावर मालकाचं कुटुंब, सर्वांत वर नोकरचाकर. आणि गच्चीवर मनोरा.

मनोरा कशाला, तर जहाजाची वाट पाहायला. अमेरिकेहून जहाज यायला महिने लागत. कुणाचं घरदार त्या मालावर उभं, कुणाचा मुलगा त्या जहाजावर. क्षितिजावर शीड दिसलं की दुर्बीण लावायची आणि निशाण ओळखायचं. शेजाऱ्याच्या आधी आपल्याला कळलं तर बाजारात भावही आधी ठरवता येई. असे मनोरे १६० च्या आसपास होते. त्यांतले सव्वाशेच्या आसपास आजही उभे आहेत. काहींना वर नुसती सपाट गच्ची, काहींना पहारेकऱ्याच्या खोपटीसारखी घुमटी, तर काही बाजूनं पाहिले तर पाठीच्या खुर्चीसारखे.

चौकाच्या मधे एक दगडी कठडा होता. मी विहीर समजले, पण ती पाण्याची टाकी निघाली. चहूकडे समुद्र आणि प्यायला गोडं पाणी नाही, म्हणून गच्चीवर पडलेला पावसाचा थेंब न थेंब नळकांड्यांतून चौकाखालच्या टाकीत उतरवत. घराच्या माथ्यावरून जहाजाची वाट पाहायची आणि पोटात पावसाची, अशी ही घरं. गल्ल्या इतक्या अरुंद, की गाड्यांची चाकं भिंतींना घासू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या आहेत. तोफेचा इतका शहाणा उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

हाच समुद्र एकदा सगळ्या देशाच्या कामी आला. १८१० साली नेपोलियनच्या फौजांनी जवळजवळ सगळा स्पेन व्यापला, पण कादिझला अडीच वर्षं वेढा घालूनही ते त्यांना घेता आलं नाही, कारण समुद्राची बाजू उघडी होती आणि रसद येत राहिली. त्या वेढ्यातच, सान फेलीपे नेरीच्या चर्चमध्ये देशाच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि १९ मार्च १८१२ रोजी स्पेनची पहिली राष्ट्रीय राज्यघटना जाहीर झाली. सत्ता राजाची नसून राष्ट्राची, असं तिनं म्हटलं. तो दिवस संत जोसेफचा, स्पॅनिशमध्ये होसेचा. होसेचं लाडकं नाव पेपे, म्हणून लोकांनी घटनेला ‘ला पेपा’ म्हणायला सुरुवात केली. राजा फेर्नांदो परत आला आणि १८१४ साली त्यानं ती रद्द केली. पण तिचं वारं लांब गेलं. १८२० साली पोर्तुगालमध्ये घटनेसाठी उठाव झाला, त्यालाही तिचा आधार होता; आणि १८२२ साली लिस्बनच्या संसदेसाठी आपल्या गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोमंतकीय होते. त्या लंबगोल चर्चमध्ये उभं असताना हे आठवलं आणि कादिझ मला एकदम परकं वाटेना.

संध्याकाळी ला कालेताच्या पुळणीवर बसायचो. दोन बाजूंना दोन जुने किल्ले आणि मधे होड्या. तिथं बारीक कोलंबी पिठात कालवून तळलेल्या पातळ, कुरकुरीत चकत्या मिळतात. त्यात हरभऱ्याचंही पीठ घालतात. पहिला घास घेतला आणि हे म्हणाले, ‘अगं, ही तर आपली जवळ्याची भजी!’

शेवटच्या दिवशी आम्ही ताविरा मनोऱ्यावर गेलो. १७७८ साली बंदरानं हाच मनोरा अधिकृत टेहळणीसाठी निवडला आणि पहिल्या टेहळ्याचं, आंतोनियो ताविराचं, नाव त्याला मिळालं. १९९४ पासून तिथं एका अंधाऱ्या खोलीत गंमत दाखवतात. छतावरच्या आरशातून आणि भिंगांतून उजेड खाली येतो आणि मधल्या पांढऱ्या, किंचित खोलगट पडद्यावर सगळं शहर उमटतं. ते चित्र हलतं. दोरीवरचे कपडे फडफडतात, माणसं रस्ता ओलांडतात. आरसा उपसागराकडे वळला तेव्हा २०१५ साली खुला झालेला नवा पूल दिसला. त्यालाही १८१२ च्या घटनेचंच नाव आहे. यांनी पुलाच्या अलीकडच्या पाण्यावर बोट ठेवलं. ‘इथं होतं आमचं जहाज.’

बाहेर गच्चीवर आल्यावर यांनी विचारलं, ‘तेव्हा तू काय करत होतीस गं?’

१९८३ ची ती दिवाळी मला चांगली आठवते. ‘दिवाळीला येतो’ असं पत्र आलं आणि त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. रत्नागिरीला शेजारच्या डॉक्टरांकडे फोन होता. तिथून कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ट्रंक कॉल लावायचा आणि ‘काही कळलं की कळवू’ एवढं ऐकून परत यायचं. आमच्या माडीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. यांचं जहाज रत्नागिरीला लागणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी दिवसातून दहा वेळा मी त्या खिडकीशी जात असे. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण त्याही जात.

हे सगळं मी त्यांना तिथं सांगितलं. ते म्हणाले, ‘कधी बोलली नाहीस.’ मी म्हटलं, ‘अहो, तुम्ही विचारलं नाहीत.’

कादिझला गेलात तर धावती भेट देऊ नका, एखादी रात्र राहा. गल्ल्यांतून चालताना अधूनमधून मान वर करून घरांचे माथे बघा. प्रत्येक मनोऱ्यावर कधीतरी कुणीतरी डोळे ताणून उभं होतं. ज्यांच्या घरचं माणूस दूर आहे, त्यांना ते मनोरे कशाला बांधले हे कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.